बिघडलेला संगणक इमेजवरून उभा करताना

संगणकाच्या डिस्कवर जे जे आहे ते सगळे एकाच क्षणी टिपून एका किंवा काही मोठ्या फायलींत साठवले, की त्या साठ्याला सिस्टिम इमेज म्हणतात. त्यात विंडोजसारखी प्रणाली येते, तिच्यावर बसवलेले प्रोग्रॅम आणि त्यांच्या सेटिंग्ज येतात, वापरणाऱ्याच्या फायली येतात आणि संगणक सुरू होण्यासाठी लागणारे, एरवी नजरेस न पडणारे भागही येतात. डिस्क मेली, विंडोज सुरूच होईना किंवा खंडणीखोर व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या, तर ही इमेज डिस्कवर परत उतरवायची आणि संगणक इमेज घेतली त्या दिवशी होता तसा उभा करायचा. फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकणे, ड्रायव्हर शोधणे, एकेक प्रोग्रॅम बसवणे, परवान्यांचे क्रमांक जुन्या मेलमधून धुंडाळणे, या सगळ्यात जाणारे दिवस त्यामुळे काही तासांवर येतात.

कल्पना साधी असली तरी ती वापरायची वेळ आली की अनेकांची फजिती होते. त्याचे मूळ एका गोष्टीत आहे. इमेज असते डिस्कची आणि उभा करायचा असतो तो संगणक. संगणकात डिस्कखेरीज बरेच काही असते: मदरबोर्डवरचे फर्मवेअर, सुरक्षेची चिप, डिस्क जिच्यातून बोलते तो कंट्रोलर, हार्डवेअरला बांधलेला परवाना, कार्यालयातल्या सर्व्हरशी जुळलेले नाते. यांपैकी काहीही इमेजमध्ये येत नाही. इमेज शाबूत असूनही रिस्टोअर अडते तेव्हा कारण बहुधा याच यादीत सापडते.

डिस्कवर नेमके काय असते

आजच्या विंडोज संगणकाची डिस्क उघडून पाहिली तर तिच्यावर एकटे ‘सी’ ड्राइव्ह नसते. सुरुवातीला १०० एमबी किंवा त्याहून थोडे मोठे ईएफआय पार्टिशन असते. संगणक चालू केल्यावर फर्मवेअर आधी इथेच येते आणि विंडोजचा बूट मॅनेजर उचलते. त्याच्यामागे १६ एमबींचे एक राखीव पार्टिशन, मग खुद्द ‘सी’ आणि शेवटी दुरुस्तीची साधने ठेवलेले रिकव्हरी पार्टिशन. कोणते पार्टिशन कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची नोंद डिस्कच्या तोंडाशी असलेल्या तक्त्यात असते. जुन्या यंत्रांत हा तक्ता एमबीआर पद्धतीचा आणि फर्मवेअर बायॉस असे. नव्यांत तक्ता जीपीटी आणि फर्मवेअर यूईएफआय असते.

‘सी’मधले सगळे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवले म्हणजे इमेज झाली, हा समज यामुळेच चुकीचा ठरतो. चालू विंडोज आपल्या कित्येक फायली उघड्या धरून बसते, त्या साध्या कॉपीत येतच नाहीत. फायलींच्या परवानग्या आणि अंतर्गत दुवे हरवतात. बूटचे पार्टिशन तर मुळात ‘सी’च्या बाहेरच असते. इमेज घेणारा प्रोग्रॅम फायलींच्या पातळीच्या खाली उतरून डिस्कचे ब्लॉक वाचतो. ज्या ब्लॉकमध्ये काही लिहिलेले आहे तेवढेच उचलतो, रिकामे सोडतो, पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल बहुधा गाळतो आणि बाकीचे दाबून लहान करतो. एक टीबीच्या डिस्कवर २०० जीबी भरलेले असेल तर इमेज २०० जीबीहून लहानच होते.

आणखी दोन सोयींशी इमेजची गल्लत होते. विंडोजमधले सिस्टिम रिस्टोअर २००० साली विंडोज एमईबरोबर आले. ते रजिस्ट्री आणि प्रणालीच्या फायली मागच्या टप्प्यावर नेते. वैयक्तिक फायलींना हात लावत नाही आणि डिस्कच मेली तर त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याचा साठा त्याच डिस्कवर असतो. विंडोज ८ पासूनचे ‘रीसेट’ उलट दिशेने जाते. ते विंडोज कोरे करून देते, बसवलेले प्रोग्रॅम त्यात उडतात. दोन्ही कामाची आहेत आणि किरकोळ बिघाडात इमेजच्या आधी तीच वापरून पाहावीत. इमेज हे जड हत्यार आहे: ती उतरवताना डिस्कवर आत्ता जे आहे ते पुसले जाते.

घोस्टपासून पुढे

युनिक्सच्या जगात ‘डीडी’ ही आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे. ती डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी उतरवून घेते. रिकामी जागा आणि भरलेली जागा असा भेद ती करत नाही, आणि स्रोत व लक्ष्य यांची नावे उलटी लिहिली गेली तर तितक्याच इमानदारीने चांगली डिस्क पुसून टाकते.

पीसीच्या जगात ही कल्पना रुजवली ती घोस्टने. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी बायनरी रिसर्च या कंपनीसाठी ते तयार केले. १९९५-९६ च्या सुमाराचा हा प्रोग्रॅम १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतला आणि तो नॉर्टन घोस्ट झाला. एक संगणक नीट बसवायचा, त्याची इमेज घ्यायची आणि ती नेटवर्कवरून प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांवर एकदम उतरवायची, ही सोय संगणक वर्ग, कॉलेजे आणि कार्यालये यांना वरदान ठरली. हार्डवेअरवाल्यांच्या बोलीत ‘घोस्ट मारणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. पॉवरक्वेस्टचे ड्राइव्ह इमेज हा त्याचा मोठा स्पर्धक होता. २००३ मध्ये पॉवरक्वेस्टही सिमँटेकने घेतली. नॉर्टन घोस्टची विक्री एप्रिल २०१३ च्या अखेरीस थांबली.

मायक्रोसॉफ्टने स्वतःची सोय विंडोज व्हिस्टात आणली, पण ती महागड्या आवृत्त्यांपुरती होती. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती सर्वांना मिळाली. बाहेरच्या डिस्कवर ‘विंडोज इमेज बॅकअप’ नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात संगणकाच्या नावाचा उपफोल्डर असतो. विंडोज ७ पर्यंत आतल्या फायली व्हीएचडी प्रकारच्या होत्या. त्यांना २ टीबींची मर्यादा होती. विंडोज ८ पासून व्हीएचडीएक्स आला आणि ती अडचण गेली. २०१७ मध्ये मात्र मायक्रोसॉफ्टने ही सोय कालबाह्य ठरवली आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांची साधने वापरण्याची शिफारस केली. गंमत अशी की त्यानंतर इतकी वर्षे ती कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज ७’ असे कंसात लिहून तशीच टिकून आहे. चालते, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. घरात दुसरे काहीच नसेल तर तिच्यावर घेतलेली इमेज नसण्यापेक्षा बरी, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते.

तिची जागा घेणाऱ्यांत अक्रॉनिस ट्रू इमेज, मॅक्रियम रिफ्लेक्ट आणि वीम ही नावे पुढे आहेत. मॅक्रियमची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षे घरगुती वापरकर्त्यांची लाडकी होती. तिचा पाठिंबा २०२४ च्या आरंभी संपला. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला मुक्त आणि फुकट आहे. त्याचे पडदे जुन्या डॉसच्या काळातले वाटतात आणि प्रश्न तांत्रिक भाषेत विचारले जातात, पण काम चोख होते.

चालू यंत्राची इमेज घेणे शक्य झाले ते विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्या काळात आलेल्या शॅडो कॉपी सेवेमुळे. ती एका क्षणाला डिस्कचे चित्र गोठवते. वापरणारा पुढे लिहीत राहतो आणि बॅकअप त्या गोठवलेल्या चित्रावरून होतो. त्यापूर्वी संगणक बंद करून फ्लॉपीवरून घोस्ट सुरू करावे लागे. पहिल्या पूर्ण इमेजनंतर फक्त बदललेले ब्लॉक घेणाऱ्या वाढीव इमेजही याच सोयीवर उभ्या आहेत. त्या जागा वाचवतात, पण साखळी तयार करतात: मधली एक फाइल खराब झाली किंवा कोणी जागा करण्यासाठी पुसली, की तिच्यापुढच्या सगळ्या निरुपयोगी होतात. अधूनमधून नवी पूर्ण इमेज घेणे, निदान मूळ इमेजवरच बांधलेल्या फरक-इमेज ठेवणे, हा त्यावरचा इलाज आहे.

रिस्टोअरची वाट

ज्या डिस्कवर इमेज उतरवायची तिच्यावरूनच संगणक चालू ठेवता येत नाही. म्हणून पहिली गरज असते ती स्वतंत्र बूट होणाऱ्या बचाव-पेनड्राइव्हची. विंडोजचे स्वतःचे रिकव्हरी वातावरण असते. शिफ्टची कळ दाबून रीस्टार्ट केल्यावर ते उघडते आणि सलग काही वेळा विंडोज सुरू होता होता बंद पडले तर आपोआपही येते. परंतु ते त्याच डिस्कवर असते. डिस्कबरोबर तेही जाते. बॅकअप घेणाऱ्या प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅममध्ये असा पेनड्राइव्ह तयार करण्याची सोय असते आणि इमेज घेतल्या दिवशीच तो तयार करणे सोयीचे, कारण संगणक बंद पडल्यावर तो करायला दुसरे यंत्र शोधावे लागते.

हा पेनड्राइव्ह एकदा तरी चालवून पाहावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर रिकव्हरी वातावरणात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्तीचा पडदा समोर दिसायचा आणि त्यावर काहीच निवडता यायचे नाही. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत तातडीची दुरुस्ती दिली, पण ती उतरवून घ्यायला संगणक सुरू होणे आवश्यक होते. दुसरी अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे विश्वासू सही नसलेला बूट मॅनेजर नाकारणाऱ्या फर्मवेअरमधल्या सोयीची. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जुन्या बूट मॅनेजरमधल्या त्रुटीचा फायदा घेतल्यावर मायक्रोसॉफ्टने असे बूट मॅनेजर टप्प्याटप्प्याने नाकारायला सुरुवात केली. शिवाय २०११ ची मूळ प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. ज्या यंत्रावर हा नकार लागू झाला आहे, तिथे चार वर्षांपूर्वी केलेला बचाव-पेनड्राइव्ह फर्मवेअर आत घेणार नाही. त्यामुळे पेनड्राइव्ह वर्षाकाठी नव्याने करणे भाग आहे.

पेनड्राइव्हवरून वातावरण सुरू झाले, की पहिला प्रश्न: त्याला डिस्क दिसते का? गेल्या काही वर्षांतल्या अनेक इंटेल लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. त्याचा ड्रायव्हर बचाव-वातावरणात नसेल तर डिस्क जोडलेलीच नाही असे चित्र दिसते आणि घाबरलेला माणूस चांगली डिस्क मेली असे समजून दुकानात धाव घेतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हमध्ये ठेवला तर काम भागते. त्यानंतर इमेज दिसते का ते पाहायचे. विंडोजची अंगभूत सोय याबाबत हट्टी आहे: फोल्डरचे नाव बदलले, तो दुसऱ्या फोल्डरच्या आत ठेवला, किंवा एकाच डिस्कवर दोन इमेज वेगळ्या नावांनी ठेवल्या, तर तिला काहीच सापडत नाही. फोल्डर डिस्कच्या मुळाशी आणि मूळ नावानेच हवा.

मग येतो फर्मवेअरचा मेळ. बायॉस पद्धतीत घेतलेली इमेज यूईएफआय पद्धतीत सुरू झालेल्या संगणकावर उतरवायला विंडोज साफ नकार देते, आणि उलटही. तोच संगणक, तीच डिस्क, पण बचाव-पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीत सुरू झाला एवढ्यानेच हे घडते. बूटच्या यादीत एकाच पेनड्राइव्हची दोन नावे दिसतात. त्यांतले ‘यूईएफआय’ लिहिलेले निवडले की अडचण सुटते.

आकाराची अट त्याहून जाचक आहे. विंडोजच्या सोयीला आणि क्लोनझिलालाही लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. आत किती भरले आहे हे पाहिले जात नाही. एक टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर अवघे ८० जीबी असले तरी ती इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरत नाही. इतकेच काय, दोन कंपन्यांच्या ‘एक टीबी’ डिस्कांत थोडासा फरक असला तरी लहान असलेली नाकारली जाते. सशुल्क साधने पार्टिशन आकसून बसवतात. क्लोनझिला वापरणाऱ्याने इमेज घेण्यापूर्वीच ‘सी’ लहान करून ठेवावे लागते.

नेमकी कोणती डिस्क पुसली जाणार आहे याची खात्री हा सगळ्या प्रक्रियेतला एकमेव असा क्षण आहे की जिथे चूक झाली तर परतीची वाट नाही. बचाव-वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदलतात. विंडोजमध्ये ‘डी’ असलेली डिस्क तिथे ‘सी’ म्हणून दिसू शकते. ओळख आकारावरून आणि मॉडेलच्या नावावरून पटवायची. ज्यांची गरज नाही त्या डिस्क सरळ केबल काढून बाजूला ठेवणे सगळ्यांत सुरक्षित.

वेळ किती लागेल हे इमेज कुठे ठेवली आहे यावर ठरते. २०० जीबींची इमेज यूएसबी ३ वरच्या साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबी या वेगाने वाचली तर अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तीच डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खोबणीत लावली तर दीड तासाच्या पुढे. १०० मेगाबिटच्या जुन्या नेटवर्कवरून घेतली तर साडेचार तासांहून अधिक. पडद्यावरचा ‘उरलेला वेळ’ या काळात मागेपुढे होत राहतो. तो पाहून कंटाळून मध्येच बंद केले तर डिस्क अर्धवट राहते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कूटबंद करणारे कुलूप, असलेल्या यंत्रावर आणखी एक पदर आहे. विंडोज चालू असताना घेतलेल्या इमेजमध्ये मजकूर उघडा असतो, कारण प्रणालीला तो उघडाच दिसतो. म्हणजे रिस्टोअर झाल्यावर डिस्क कुलूपबंद राहत नाही, बिटलॉकर नव्याने चालू करावे लागते. उलट कुलूपबंद डिस्क बाहेरून वाचली तर प्रोग्रॅमला भरलेले आणि रिकामे ओळखता येत नाही आणि इमेज डिस्कएवढी मोठी होते. कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपशी बांधलेली असते. बूटच्या व्यवस्थेत काही बदललेले दिसले की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या यंत्रांवर कूटबंदी बहुधा आपोआप चालू होते, त्यामुळे आपल्या डिस्कला कुलूप आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. तो क्रमांक मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेला असतो. आधी तिथून काढून कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे.

सगळे उतरले तरी संगणक कधी कधी सुरू होत नाही. बूट मॅनेजरच्या नोंदी डिस्कच्या आणि पार्टिशनच्या ओळखक्रमांकांवर चालतात. ते बदलले तर नोंद भलतीकडे बोट दाखवते. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा दिली की बूटच्या फायली नव्याने लिहिल्या जातात. मॅक्रियमसारख्या साधनांत हे एका बटणाने होते. जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून संगणक चालू करण्याचा मोह टाळावा. दोघींची ओळख एकच असली तर विंडोज एकीला बाजूला सारते, किंवा नव्या डिस्कऐवजी जुनीवरूनच सुरू होते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या यंत्रावर

मूळ संगणकच जळाला किंवा चोरीला गेला तर इमेज वेगळ्या यंत्रावर उतरवावी लागते. विंडोज सुरू होताना अगदी आरंभी डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर हवा असतो. इमेजमधला ड्रायव्हर जुन्या कंट्रोलरचा असेल तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. एक्सपीच्या काळात हा ठरलेला प्रसंग होता. विंडोज १० आणि ११ बहुतेक प्रचलित कंट्रोलर ओळखतात, त्यामुळे आता बरीच यंत्रे पहिल्या एकदोन रीस्टार्टनंतर स्वतःच ड्रायव्हर जुळवून घेतात. जिथे ते होत नाही तिथे अक्रॉनिसचे युनिव्हर्सल रिस्टोअर किंवा मॅक्रियमचे रीडिप्लॉय उतरवलेल्या विंडोजमध्ये बाहेरून ड्रायव्हर घालतात. परवान्याचे गणित वेगळे. तयार विंडोजसह आलेल्या लॅपटॉपवर विंडोज ८ पासून परवान्याची की फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते आणि विंडोज १० चा डिजिटल परवाना हार्डवेअरशी बांधलेला असतो. इमेज दुसऱ्या मदरबोर्डवर गेली की परवाना मागे राहतो.

महाराष्ट्रातल्या जुन्या डीटीपी केंद्रांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम आणि त्यांच्या जोडीला पेजमेकर, या संचावर लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. युनिकोडपूर्व फॉन्टांत बांधलेल्या त्या हजारो फायली उघडायच्या तर तोच संच हवा. इन्स्टॉलेशनच्या सीड्या हरवलेल्या किंवा ओरखडलेल्या, त्यामुळे चालू असलेल्या एक्सपी यंत्राची इमेज हीच शेवटची प्रत ठरते. ती आजच्या मदरबोर्डवर थेट उतरवण्यात अर्थ नाही. एक्सपीला या हार्डवेअरचे ड्रायव्हरच मिळत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधल्या ‘डिस्कटूव्हीएचडी’सारख्या साधनाने त्या डिस्कची आभासी डिस्क बनवायची आणि नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून ती चालवायची, हा मार्ग चालतो. अडथळा उरतो तो हार्डवेअर लॉकचा, म्हणजे डोंगलचा. यूएसबी डोंगल आभासी यंत्राला जोडून देता येतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारा डोंगल असेल तर ते पोर्टच नव्या संगणकावर नसते, आणि अशा वेळी जुने यंत्र राखून ठेवण्यावाचून पर्याय नाही.

मागे गेलेला काळ

रिस्टोअर यशस्वी झाले म्हणजे संगणक मागच्या एका तारखेला पोचला. तिथून पुढचे सगळे गेलेले असते. हिशेबाच्या टॅलीतल्या नोंदी, आउटलुकच्या फायलीत उतरवलेले मेल, डेस्कटॉपवर सेव्ह केलेली कामे इमेजपेक्षा नवी असतात. म्हणून फायलींचा बॅकअप इमेजपासून वेगळा आणि तिच्याहून वारंवार घ्यावा, असे जाणकार सांगतात: इमेज महिन्या-दोन महिन्यांनी, चालू कामाच्या फायली रोज. जुनी डिस्क वाचता येत असेल तर इमेज उतरवण्याआधी तिच्यावरचे नवे काम बाजूला काढून घ्यायचे. डिस्क अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने, वाचता येते तेवढे आधी वाचून घ्यायचे.

कार्यालयातल्या संगणकाची आणखी एक अडचण असते. विंडोजच्या डोमेनमधला प्रत्येक संगणक सर्व्हरशी एका गुप्त पासवर्डने जोडलेला असतो आणि तो पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. दोन-तीन महिन्यांपूर्वीची इमेज उतरवली तर संगणक जुना पासवर्ड सांगतो, सर्व्हर तो नाकारतो आणि लॉगिनच्या पडद्यावर विश्वासाचे नाते तुटल्याचा संदेश येतो. स्थानिक प्रशासकाच्या खात्याने आत जाऊन ते नाते पुन्हा जोडता येते. ते खाते बंद करून ठेवलेले असेल तर मात्र पंचाईत. खुद्द तो सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, साध्या इमेजवरून मागे नेणे तर धोक्याचे आहे. त्याचा बदलक्रमांक मागे जातो, बाकीचे कंट्रोलर त्याच्याकडून आलेले नवे बदल ‘हे आधीच मिळाले आहेत’ असे समजून सोडून देतात आणि खात्यांची नोंदवही ठिकठिकाणी वेगळी होत जाते. त्यासाठी वेगळी, त्या कामाकरताच बनवलेली बॅकअप पद्धत लागते.

डोमेन कंट्रोलरवाचून सगळे कसे अडते याचे मोठे उदाहरण २७ जून २०१७ चे. युक्रेनमधल्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे काही तासांत बंद पाडले. न्हावा शेवा बंदरातले या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले आणि कंटेनरची वर्दळ हाताने हाकावी लागली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम स्नाबे यांनी पुढे दावोसला सांगितलेल्या आकड्यांनुसार दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले गेले. ‘वायर्ड’ मासिकाच्या वृत्तान्तानुसार बहुतेक सर्व्हरचे बॅकअप हाती होते. ज्यांचा नव्हता ते होते डोमेन कंट्रोलर. सुमारे दीडशे कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, तेव्हा वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला वाटली नव्हती, आणि हल्ल्यात सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याची डिस्क माणसाच्या हातून नायजेरियामार्गे इंग्लंडला पोचवण्यात आली आणि तिच्यावरून बाकीची उभारणी झाली. बॅकअप हाती असूनही त्यांना ओळख देणारा एक सर्व्हर नसल्याने सगळे अडून बसले होते.

मात्र प्रत्येक सामूहिक बिघाडाला इमेज हे उत्तर नसते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय होता एक फाइल पुसण्याचा; पण त्यासाठी प्रत्येक यंत्र सेफ मोडमध्ये न्यावे लागे आणि बिटलॉकरचा क्रमांक लागे. तो ज्यांच्याकडे व्यवस्थित नोंदवलेला होता ते लवकर सुटले.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर संपूर्ण डिस्कची बूट होणारी प्रत घेण्याची पद्धत एकेकाळी फार लोकप्रिय होती. माइक बॉम्बिच यांचे कार्बन कॉपी क्लोनर त्यासाठीच प्रसिद्ध झाले. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीने प्रणाली आणि वापरणाऱ्याचा मजकूर वेगळ्या व्हॉल्यूमवर टाकले, २०२० च्या बिग सरने प्रणालीच्या व्हॉल्यूमवर ॲपलची सही लावली आणि त्याच वर्षी ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या. तेव्हापासून प्रणाली इंटरनेटवरून कोरी बसवायची आणि टाइम मशीनमधून स्वतःचा मजकूर, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज परत घ्यायच्या हाच रिवाज आहे. इमेजची कल्पना तिथे जवळजवळ मोडीत निघाली.

लिनक्सवर वाट सर्वांत मोकळी आहे. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि परवान्याचा प्रश्न नसतो, त्यामुळे एका यंत्राची इमेज दुसऱ्यावर सहसा चालते. खोळंबा होतो तो पार्टिशनच्या ओळखक्रमांकांपाशी: ते बदलले असतील तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये दुरुस्त करावे लागतात आणि ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा लागतो.

इमेज सांभाळणे

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर: छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला हा ठोकताळा इमेजलाही लागू पडतो. खंडणीखोर प्रोग्रॅमांच्या काळात त्यात एक भर पडली आहे. इमेजची डिस्क सतत जोडलेली असेल तर हल्ल्यात तीही कुलूपबंद होते, म्हणून निदान एक प्रत जोडणी काढून ठेवलेली हवी. शिवाय घुसखोरी लक्षात येण्याच्या कित्येक दिवस आधी झालेली असू शकते. सर्वांत ताजी इमेज आधीच बाधित निघते आणि जुनी स्वच्छ निघते. वेगवेगळ्या तारखांच्या दोन-तीन इमेज राखण्याचे कारण हेच.

इमेजची फाइल धड आहे का हे तिचा प्रोग्रॅम बेरीज जुळवून तपासतो, पण त्याने रिस्टोअर होईलच असे सिद्ध होत नाही. एखाद्या जादा डिस्कवर किंवा आभासी यंत्रात ती उतरवून पाहिली तरच ते कळते. बहुतेक साधनांत इमेज ड्राइव्हसारखी उघडून तिच्यातली एखादीच फाइल बाहेर काढता येते. डिस्क पुसण्याआधी हा प्रयोग तरी करून घ्यावा.

इमेजमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड, बँकेची विवरणे, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती असे सगळेच असते. ती कूटबंद करून ठेवणे आणि तो पासवर्ड संगणकाबाहेर नोंदवणे दोन्ही गरजेचे आहे. वर्षभर जुनी इमेज उतरवल्यावर विंडोज तितकेच जुने असते, त्यातल्या उघड त्रुटींसह. इंटरनेटवरून आधी फक्त अपडेट उतरवायचे आणि मग बाकीची कामे. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे थांबली. त्या प्रणालीची इमेज उतरवली तर जुने प्रोग्रॅम आणि फायली हाती येतात, पण त्यानंतर ते यंत्र एकतर विंडोज ११ वर न्यावे लागते किंवा नेटपासून दूर ठेवावे लागते.